काळी बिअर आणि आपली भाजणी

मुंबई-पुण्याच्या ब्रूपबमध्ये चारजणांच्या टेबलावर एखाद्याने स्टाउट मागवली की बाकीचे तिघे त्याच्याकडे जरा आदराने बघतात. रंग काळा, चव कडवट, वर तपकिरी फेस आणि दर इतरांपेक्षा चढा, म्हणजे हे जाणकारांचे काम, असा एक समज होऊन बसला आहे. नवख्या वाचकाने आधी तो समज बाजूला ठेवावा. काळी बिअर जन्मली काटकसरीतून आणि वाढलीही काटकसरीतूनच.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या घाटांवर आणि बाजारांत ओझी वाहणारे हमाल, म्हणजे पोर्टर, जी बिअर पीत तिला त्यांचेच नाव पडले. लाकडाच्या धगीवर वाळवलेल्या स्वस्त तपकिरी माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाची, ती बनत असे. त्याच शतकाच्या उत्तरार्धात द्रवातली साखर मोजणारे हायड्रोमीटर बिअरवाल्यांच्या हाती आले आणि सगळा हिशेब उलटला. तपकिरी माल्ट घ्यायला स्वस्त, पण त्यातून साखर कमी उतरते. फिक्या माल्टची गोणी महाग असली तरी तिच्यातून बिअर जास्त निघते. मालकांनी फिका माल्ट धरला, पण गिऱ्हाइकाला बिअर काळीच हवी होती. रंगासाठी जळक्या साखरेपासून काय काय घालून झाले आणि सरकारने त्यावर बंदीही आणली. शेवटी 1817 मध्ये डॅनियल व्हीलरने कॉफी भाजायच्या ड्रमसारख्या ड्रममध्ये माल्ट काळाकुट्ट भाजायचे पेटंट घेतले. आता शंभर किलो फिक्या माल्टला चार-पाच किलो काळा माल्ट पुरू लागला. स्टाउट, म्हणजे मुळात जरा जोरकस पोर्टर, आज ज्या रूपात ओळखली जाते ते रूप या एका युक्तीतून आले.

बिअरमधला महागडा भाग वेगळाच असतो: भरपूर हॉप्स, म्हणजे कडवटपणा देणारी फुले, थंड खोली, महिनोन्‌महिने शीतगृह, काचेसारखा नितळपणा. काळ्या बिअरला यातले फारसे काही लागत नाही. हॉप्स थोडे चालतात, कारण कडवटपणाचा वाटा भाजलेले धान्य उचलते. गढूळपणा दिसतच नाही. पाणी जड असले तरी बिघडत नाही, कारण भाजलेले धान्य किंचित आंबट असते आणि चुनखडीच्या पाण्याचा अल्कधर्मीपणा ते मारते. लंडन आणि डब्लिन या जड पाण्याच्या शहरांत काळी बिअर फोफावली ती उगाच नाही. तिला एकच गोष्ट नीट लागते, ती म्हणजे भाजणी. आणि चकलीची भाजणी कढईत कुठवर न्यायची आणि कुठे उतरवायची, हे ज्या घरात आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना वासावरून कळते, त्या घराला काळ्या बिअरचे निम्मे शिक्षण फुकट मिळालेले असते. ज्या पुस्तकासाठी हे लिहितो आहे, त्याचा सगळा डोलारा या एका म्हणण्यावर उभा आहे, आणि मला ते पटते.

पुस्तकाची लेखिका आमच्या भाईंदर पूर्वेची. नवघर रोडला वाढली, लग्नानंतर इंग्लंडात लेस्टरला गेली, आणि जाताना सामानात इथल्याच गाळ्यातून घेतलेला स्टीलचा मोठा टोप घेऊन गेली. भाईंदर म्हटले की बाहेरच्यांना लोकलची गर्दी आठवते, पण भांड्यांच्या व्यापारातल्या माणसाला स्टेनलेस स्टील आठवते. पत्रा कापणे, दाबणे, घासून चकाकी आणणे, कान बसवणे, ही सगळी कामे इथल्या गाळ्यांतून होतात. परदेशात ‘ब्रू केटल’ नावाने जे भांडे महागात विकले जाते, ते जाड बुडाच्या टोपाला खाली एक नळ बसवून होते. इथला कारागीर तो नळ सहज बसवून देतो. पुस्तकातला खर्चाचा हिशेब या टोपापासून सुरू होतो.

पुढे जाण्याआधी कायद्याचे सरळ सांगून टाकतो. महाराष्ट्रात घरी बिअर बनवणे गुन्हा आहे. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा, आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा, परवान्याशिवाय मद्य बनवू देत नाही, आणि ‘घरच्यापुरते’ अशी सवलत त्यात नाही. मद्य बनवण्याच्या हेतूने भांडी किंवा सामान बाळगणेही त्यात येते. बादल्या, एअरलॉक आणि यीस्टची पाकिटे कुरियरने थेट दारात येतात, म्हणून ते सगळे कायदेशीर असणार, असे मानणाऱ्या मुलांना हे कोणीतरी सांगायला हवे. म्हणून पुस्तकाचे दोन भाग केले आहेत. यीस्ट घालून बिअर आंबवण्याचा भाग, जिथे ती मुभा आहे तिथल्या मराठी वाचकांसाठी: ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. धान्याला मोड आणणे, भाजणे आणि त्याचा बिनमद्याचा काढा करणे, हा भाग सगळ्यांसाठी. भाईंदरच्या वाचकाने पहिला भाग माहिती म्हणून वाचावा आणि दुसरा हाताने करून बघावा.

आता गंमत अशी की घरी काहीतरी आंबवणे ही या किनाऱ्याला परकी गोष्ट कधीच नव्हती. उत्तनपासून वसईपर्यंत भंडारी ताडा-माडावर चढत आले. ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत फुगे या तळलेल्या पावांचे पीठ ताडीने फुगत असे, लग्नात मसालेदार खिमाड फिरे आणि नाताळच्या आधी बरण्यांत वाइन मुरत पडे. आतल्या डोंगरपट्टीत मोहाची होई. यावर घाला पडला तो इंग्रजांच्या महसुलाच्या हिशेबातून. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू बनवण्याचा हक्क मक्तेदारांकडे वळवला, झाडामागचा कर वाढला, आणि 1892 च्या कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांच्या साठ्यावरच बंधने आली. जंगलात पडलेले फूल गोळा करून घरात ठेवायचे, तर तेही सरकारच्या नजरेखाली. म्हणजे भाईंदर ज्या ठाणे जिल्ह्यात मोडते, तिथे घरगुती पेय गुन्हा होण्याचा इतिहास दारूबंदीहूनही जुना आहे, आणि त्याच्या मुळाशी नीतीपेक्षा तिजोरी जास्त होती.

नंतर 1950 ची संपूर्ण दारूबंदी आली. मोरारजी देसाईंचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले. मुंबईत आंट्यांचे चोरट्या दारूचे अड्डे फोफावले, खाडीकाठच्या तिवरांत हातभट्ट्या लागल्या. पुढे बंदी सैल झाली, पण तोवर ‘घरी बनवलेली’ या शब्दांना हातभट्टीचा वास कायमचा चिकटला होता.

तो वास अजून गेलेला नाही, आणि त्याला कारणही आहे. 2015 मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसे गेली. त्या बातम्या वाचलेला माणूस ‘घरची बिअर’ ऐकून दचकला तर त्याची चूक नाही. पण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यातला फरक समजून घ्यायला हवा. मालवणीत मारले ते मिथेनॉलने, म्हणजे कारखान्यात वापरायच्या रसायनाने, जे दारूत मिसळले गेले. धान्य आंबवून होणाऱ्या बिअरमध्ये जीव जाण्याइतके मिथेनॉल तयार होत नाही. बिअरमधले धोके साधे आहेत: नीट न धुतलेली बादली, आणि साखर जास्त पडल्याने फुटणारी बाटली. बाटली भरताना लिटरला पाच-सहा ग्रॅम साखर पुरते. हात सैल सोडला की काचेचे तुकडे उडतात. लेखिकेने या मजकुराला पुस्तकात ठळक चौकट दिली आहे आणि ऊर्ध्वपातनाचा एक शब्दही कुठे येऊ दिलेला नाही, हे मला आवडले.

जिथे मुभा आहे तिथेही ती तशी अलीकडचीच. ब्रिटनमध्ये 1880 पासून घरी बिअर करायला परवाना लागे. 1963 च्या अर्थसंकल्पात रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढली, आणि पुढे बूट्ससारख्या औषधांच्या दुकानांतही बिअरचे किट मिळू लागले. अमेरिकेत जिमी कार्टर यांनी 1978 मध्ये कायद्यावर सही केली. चार्ली पपाझियन यांचे ‘द कम्प्लीट जॉय ऑफ होमब्रूइंग’ 1984 मध्ये आले आणि गॅरेजमधल्या छंदाला त्याने चळवळ केले. आज जगभर ज्याला क्राफ्ट बिअर म्हणतात तिचे बरेचसे कर्ते या घरगुती बादल्यांतूनच पुढे आले. आपल्याकडे पुण्यात 2009 मध्ये डूलाली ही राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली. पाठोपाठ डोंबिवलीत गेटवे आली, मुंबईत ब्रूपब वाढले. पण त्यांच्या खालची पायरी, स्वयंपाकघराची, कायद्याने रिकामीच ठेवली आहे.

काळ्या बिअरची घराणी सांगायची तर इंग्लिश पोर्टर आणि स्टाउट हे थोरले. त्यातून आयरिश कोरडी स्टाउट निघाली. 1880 च्या करबदलानंतर मोड न आणलेले धान्य वापरायची वाट मोकळी झाली, आणि पुढे मोड न आणता भाजलेला जव तिची ओळख बनला. ही घरी करायला सगळ्यात स्वस्त. जर्मनीत म्युनिकची डुंकेल आणि काळी श्वार्झबिअर, दोन्ही थंडीत सावकाश आंबवलेल्या, त्यामुळे गुळगुळीत. 1516 च्या बव्हेरियन शुद्धतेच्या नियमाची परंपरा सांगणाऱ्या या घराण्यात कॉफी-वेलची घालणे म्हणजे पाप. बेल्जियममध्ये गडद साखरेचा पाक घालतात, तिथे आपला गूळ अगदी घरच्यासारखा बसतो. अमेरिकनांनी कॉफी, व्हॅनिला आणि बर्बनची पिंपे यांचा सढळ हाताने वापर केला. त्यातल्या काही बिअर थोर आहेत आणि बऱ्याच नुसत्या पातळ केकसारख्या लागतात.

आपल्याला जवळचे घराणे मात्र वेगळेच आहे: उष्ण देशांची गोडसर, कडक स्टाउट. श्रीलंकेत नुवारा एलियाच्या ब्रुअरीतून आलेली लायन स्टाउट, जमैकाची ड्रॅगन, नायजेरियाची गिनेस. पोर्टर मुंबईलाही येत असे. एकोणिसाव्या शतकात कंपनी सरकार गोऱ्या शिपायांसाठी पिंपेच्या पिंपे मागवी. गाजावाजा झाला तो साहेबांच्या पेल एलचा, शिपाई मात्र काळीच पीत होते. नायजेरियाची हकिकत तर प्रत्येक मराठी वाचकाने लक्षात ठेवावी अशी. 1962 मध्ये गिनेसने लागोसजवळ कारखाना काढला. 1988 मध्ये तिथल्या सरकारने जवाच्या आयातीवर बंदी घातली, आणि बिअरवाल्यांना देशी धान्याकडे वळावे लागले. ते धान्य म्हणजे ज्वारी. ओरडा झाला, पण लोक पीत राहिले.

ज्वारी आणि नाचणी, ही या पुस्तकातली दोन सगळ्यात रंगलेली प्रकरणे. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करणे हे मराठी घरांत बाळांसाठी पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. माल्ट करणे म्हणजे तेच. मोड येताना धान्यात विकरे तयार होतात आणि पुढे कोमट पाण्यात ती पिठाची साखर करतात. भरड धान्यांत नाचणी या कामाला विशेष चांगली. ज्वारीचे दोन प्रश्न आहेत. तिचे पीठ फुलायला जवापेक्षा जास्त उष्णता लागते, त्यामुळे ती आधी शिजवून मग माल्टमध्ये मिसळावी लागते. आणि तिच्या कोंबात सायनाइड देणारे द्रव्य असते. कोवळी ज्वारी खाल्लेल्या जनावराला किराळ लागते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. म्हणून मोडाची ज्वारी वाळवून, कोंब-मुळे चोळून, पाखडून काढल्याशिवाय वापरायची नाही. नुसती भाजायची असेल तर मोडाची गरजच नाही, प्रश्नही नाही.

भाजण्याचे जरा जवळून सांगतो, कारण वाचक इथेच पहिल्यांदा हात घालणार आहे. जाड बुडाची लोखंडी कढई, मंद आच, आणि एका वेळी तळ झाकेल एवढेच धान्य. जव, म्हणजे आपला सातू, घेतला तर आधी ओलसर वाफ निघते आणि काही होत नाहीसे वाटते. मग पोळी भाजल्यासारखा वास येतो, दाणा सोनेरी होतो. तिथे उतरवले तर बिस्किटाची चव. आणखी नेले की शेंगदाण्याचा, मग कोकोचा वास येऊ लागतो, दाणा तडकतो, उलथने थांबवून चालत नाही. कोकोवरून कॉफीकडे जाताना धूर निळसर होतो. कॉफीच्या पुढची पायरी राख, आणि ती मिनिटभरात गाठली जाते. दाणा चावून बघावा: बाहेर काळा, आत गडद तपकिरी, हे बरोबर. आतही कोळसा झाला असेल तर टाकून द्यावा. उतरवल्यावर गरम कढईत तसाच ठेवू नये, परातीत पसरावा, नाहीतर तो भाजतच राहतो. आणि त्याच दिवशी वापरू नये. ताज्या भाजणीला एक जहाल जळकट वास असतो, तो जायला आठवडाभर लागतो. हे सगळे खिडक्या उघड्या ठेवून करावे. आमच्याकडे इमारती इतक्या खेटून आहेत की शेजारचे आधी विचारायला येतात, काय लागले म्हणून.

एवढे करून हे काळे धान्य लागते किती? वीस लिटरसाठी चार किलो फिका माल्ट घेतला तर काळे तीनशे-चारशे ग्रॅम. नवशिक्याला सगळेच धान्य काळे करावेसे वाटते, आणि तिथेच गाडी अडते. कडक भाजलेल्या दाण्यात विकरे मरतात, साखर तयार होत नाही, मग यीस्टने खायचे काय?

सुगंधी बिअर हा पुस्तकाच्या नावातला शब्द, आणि वाचकांना भुलवणाराही तोच. लेखिका इथे हात आखडता घेते. गूळ घातला म्हणजे बिअर गोड होईल, हा पहिला गैरसमज. यीस्ट गुळातली साखर जवळपास सगळी फस्त करते, मागे उरतो तो मळीसारखा खारटसर गंध. गोडवा हवा तर दुधातली साखर, लॅक्टोज. ती बिअरच्या यीस्टला पचत नाही, म्हणून इंग्लंडातली मिल्क स्टाउट गोड राहते. कॉफी गरम काढ्यात उकळू नये, आंबणे संपल्यावर थंड अर्क घालावा. वेलची चार-पाच दाणे, जायफळ नखभर. सुंठ चालते. कोकम फार जपून, कारण भाजल्याचा आंबटपणा आधीच असतो. भाजलेल्या खोबऱ्याच्या पाककृतीशी माझे जमत नाही. खोबऱ्याचे तेल फेस बसवते आणि बिनफेसाची स्टाउट म्हणजे गार झालेला काढा. लेखिकेचे म्हणणे, तेल टिपून घेतले की फेस टिकतो. वाचकाने स्वतः ठरवावे.

आज हे पुस्तक यावे याचे आणखी एक कारण धान्यातच आहे. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले, ज्वारी-नाचणीची बिस्किटे आणि पोहे दुकानांत आले, पण या धान्यांच्या खोल, भाजक्या चवींकडे कोणी वळले नाही. सगळा भर ‘पौष्टिक’ या एका शब्दावर. मागे धान्यापासून मद्य करणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण राज्याने आणले तेव्हा मोठा गदारोळ उठला. तो रास्तच होता, कारण प्रश्न सरकारी पैशाचा आणि गावोगावच्या व्यसनाचा होता. घरातल्या टोपभर नाचणीच्या काढ्याला त्या वादात ओढायचे कारण नाही. मद्य बनवायला लागणाऱ्या पाण्याचा मुद्दा मात्र खरा आहे. 2016 च्या दुष्काळात औरंगाबादच्या मद्यकारखान्यांच्या पाण्यात उच्च न्यायालयाच्या आदेशाने कपात झाली होती. घरगुती पातळीवरही पेयापेक्षा भांडी धुण्यालाच पाणी जास्त जाते. मिरा-भाईंदर हे स्टेम आणि एमआयडीसी या संस्थांच्या पाण्यावर वाढलेले शहर, दिवसाआड नळ कोरडा पडल्याची सवय असलेले. इथे वाढलेल्या बाईने लिहिलेल्या पुस्तकात भांडी धुण्याच्या पाण्याचे वेगळे प्रकरण आहे, याचे मला नवल वाटले नाही.

पुस्तकात काय नाही तेही सांगतो. स्पर्धेत बक्षीस मिळवून देणाऱ्या पाककृती नाहीत. महागड्या उपकरणांचे गुणगान नाही. मोठा टोप, झाकणाची अन्नयोग्य प्लास्टिकची बादली, मलमलची पिशवी, थर्मामीटर आणि हायड्रोमीटर, एवढ्यावर सगळे बसवले आहे. पिशवीत माल्ट घालून एकाच भांड्यात काम उरकण्याची पद्धत ऑस्ट्रेलियन घरगुती बिअरवाल्यांनी रुळवली, तीच इथे घेतली आहे. मद्य पिण्याचे समर्थनही पुस्तक करत नाही. न पिणाऱ्याला यातला अर्धा भाग पूर्ण उपयोगी आहे.

ब्रिटन-अमेरिकेतल्या वाचकाने ऑक्टोबरात सुरुवात करावी. खोली आपोआप अठरा-वीस अंशांवर असते आणि बहुतेक स्टाउटच्या यीस्टला तेच मानवते. पहिल्यांदा साधी कोरडी स्टाउट, काहीही सुगंध न घालता. भाईंदरच्या वाचकाने सरळ भाजणीचे प्रकरण उघडावे. पावशेर नाचणीला मोड आणून वाळवावी, त्यातली चमचाभर कॉफीच्या रंगावर भाजावी, बाकीची भरडून 65 अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर झाकून ठेवावी. मग भाजलेली घालून उकळी आणावी, गाळावे, गार करून फ्रिजमध्ये ठेवावे. हा काढा दोन दिवसांत संपवावा. इथल्या हवेत तो बाहेर राहिला तर यीस्ट न घालताही स्वतःहून आंबायला लागतो.